वाटेचा आवाज

(शताब्दी सप्ताहात दुपारच्या सत्रात झालेल्या चिंतनाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



जेवणं झाली आहेत, मंडप तापलाय, आणि पंगतीत बुंदी होती हे आम्हालाही ठाऊक आहे. कुणाचा डोळा लागला तर आम्ही राग मानणार नाही. आम्हाला विषय दिला होता 'दिंडीची शंभर वर्षे'. पण सकाळपासून तिघाजणांनी त्यावर इतकं सुंदर सांगितलं की आता आम्ही त्यात काय भर घालणार? पहिली वारी किती जणांची होती, फडाची शिस्त कुणी लावली, तंबू कधी आला, पाण्याचा टँकर कधी आला, सगळं झालं. म्हणून आम्ही एक राहून गेलेली गोष्ट बोलणार आहोत. ती थोडी लांबून फिरून येईल. सांभाळून घ्या.

आपल्या दिंडीत एक आजी आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही, आणि त्या आत्ता मागच्या बाजूला बसल्याही आहेत. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. पुढच्या बाईच्या पदराचं टोक धरून त्या आळंदी ते पंढरपूर चालतात. तीस वर्षांच्या वर झाली. डोकीवर तुळस असायची, आता मानेला झेपत नाही म्हणून हातात टाळ असतो. दोन वर्षांपूर्वी वाखरीच्या मुक्कामाला त्या आमच्याजवळ आल्या, पाया पडल्या आणि म्हणाल्या, "महाराज, यंदा मला वाट ऐकू आली न्हाई."

आम्हाला आधी कळलंच नाही. आम्ही म्हणालो, आजी, कान तपासून घेऊ, शिबिरात डॉक्टर आहेत. त्या हसल्या. म्हणाल्या, "कान चांगलं हायेत. पर तुमच्या त्या पेटीम्होरं काय ऐकू येतंय?"

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, माउली. पेटी म्हणजे हातगाड्यावरचा स्पीकर.

आणि तो स्पीकर दिंडीत आणला कुणी? आम्ही. हे आज शंभर वर्षांच्या मांडवात सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला दुसऱ्यावर ढकलता येणार नाही. दिंडी वाढली, मागच्या टाळकऱ्यांना चाल ऐकू येईना, पुढचे एका चरणावर आणि मागचे दुसऱ्याच. शेजारच्या दिंडीनं बॅटरीवरचा स्पीकर घेतला आणि त्यांचा आवाज आमच्यावर चढायला लागला. तेव्हा आम्ही वर्गणी काढली आणि त्यांच्यापेक्षा मोठा घेतला. सेवा म्हणून घेतला असं तेव्हा बोललो. त्यात ईर्षाही होती, हे आज बोलतो.

आजींना आम्ही विचारलं, वाट ऐकू येते म्हणजे काय? मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही नुसते बसून राहिलो. दिवे घाटात चढ लागला की आवाज डोंगराला लागून परत येतो, आणि वर मोर ओरडतो. सासवड सोडलं की शेतात पावशा: पेरते व्हा, पेरते व्हा. जेजुरी ते वाल्हे माळ लागतो, तिथं झाड कमी, म्हणून आवाज पसरून जातो. पहाटे चंडोल वर चढत गातो तो तिथंच. नीरेच्या आधी बगळ्यांचा कालवा, हवा ओली लागते. टिटवी ओरडली की पाणी किंवा मोकळं रान जवळ आहे. वडाचं झाड आलं हे त्यांना साळुंक्यांवरून कळायचं, सावली अंगावर पडायच्या आधी. "आता वडबी कमी झालं," त्या म्हणाल्या, "रस्ता रुंद झाला ना." मग गप्प झाल्या. आम्हीही गप्प. आपण डोळसांनी इतक्या वाऱ्या केल्या आणि आपल्याला मुक्कामांची नावं पाठ आहेत. त्या बाईला वाट पाठ आहे.

आता लांबचा फेरा घेतो.

आपल्या एका टाळकऱ्याचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत, बर्लिन शहरात असतो. वारीच्या वेळी जमलं तर चार दिवस येतो. त्याला आम्ही ही आजींची गोष्ट सांगितली. तर तो म्हणाला, महाराज, आमच्या तिकडं लोक रात्री बारा वाजता बागेत जातात आणि पाखराबरोबर वाद्य वाजवतात. आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं मोबाईलवर ऐकवलं. अंधारात एक पाखरू गातंय आणि एक माणूस क्लॅरिनेट वाजवतोय. क्लॅरिनेट तुम्हाला माहीत आहे, लग्नाच्या बँडमध्ये काळी लांब सनईसारखी असते ती. माणूस दोन सूर वाजवतो आणि थांबतो. पाखरू गातं. ते थांबलं की हा वाजवतो. कधी पाखरू थांबतच नाही, मग हा बिचारा ऐकत बसतो.

तो माणूस म्हणजे डेव्हिड रोथेनबर्ग. अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक. 2000 साली पिट्सबर्ग शहराच्या पक्षीगृहात तो सहज वाजवायला गेला, तिथं पांढऱ्या तुऱ्याच्या एका पाखरानं त्याला उत्तर दिलं असं त्याला वाटलं, आणि तिथून त्याला नाद लागला. पाखरं का गातात यावर त्यानं 2005 साली एक पुस्तक लिहिलं. अमेरिकेत काही रातकिड्यांसारखे किडे सतरा वर्षं जमिनीखाली राहून एकदम बाहेर पडतात, त्यांच्या कोलाहलातही तो वाजवतो. आणि दर वसंतात बर्लिनच्या बागांमध्ये नाइटिंगेल नावाच्या पाखराबरोबर.

या नाइटिंगेलला आपल्याकडच्या पुस्तकांत पुष्कळदा बुलबुल म्हणतात. ते चूक आहे. फारसी कवितेतला बुलबुल म्हणजे तो पक्षी. आपल्या अंगणात तुरा उडवत पिकलेली पपई खातो तो बुलबुल वेगळा. नाइटिंगेल दिसायला अगदी साधा, मातकट तपकिरी, चिमणीपेक्षा थोडा मोठा. हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि एप्रिलात युरोपात येतो. आपला चातकही पावसाच्या तोंडाला आफ्रिकेकडूनच येतो, म्हणजे तसे दोघे एका गावचे वारकरी. नाइटिंगेलमध्ये गातो तो नर. आणि जोडीदारीण मिळालेली नसते तो रात्रभर गातो. आपल्याकडे कोकिळा गाते म्हणतात, पण कुहू ओरडतो तोही नरच. मादीचं ओरडणं वेगळं, जरा तुटक किकिकिक असं.

पाखराबरोबर वाजवण्याची ही गोष्ट काही काल-परवाची नाही. आपली दिंडी आणि ही गोष्ट जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. इंग्लंडात बिआट्रिस हॅरिसन नावाची एक बाई होती. 1892 साली जन्मली, आणि कुठं, तर आपल्या रुडकीला. वडील तिथं सैन्यात इंजिनिअर होते. ही बाई चेलो वाजवायची. चेलो म्हणजे सारंगीचा थोरला भाऊ समजा. खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवतात. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात तिचं घर होतं, भोवती झाडी. एका रात्री ती बागेत बसून सराव करत होती. वाजवत होती ते रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराच्या नाटकातलं गाणं, जे त्या नाटकात हिंदुस्थानचा एक व्यापारी गातो. वाजवणं थांबलं आणि झाडीतून नाइटिंगेलनं तान घेतली. दुसऱ्या रात्री पुन्हा. मग रोज.

तेव्हा बीबीसी रेडिओ नवा नवा होता. बाईनं तिथले प्रमुख जॉन रीथ यांना गळ घातली की हे सगळ्यांना ऐकवा. त्यांना ते पटेना. पाखरू वेळेवर गाईल याची हमी काय? पण शेवटी 19 मे 1924 च्या रात्री बागेत मायक्रोफोन लावला, तारा ओढल्या. बाई वाजवत बसली. पाखरू गप्प. तास होत आला, तरी गप्प. वाजवणारीची काय अवस्था झाली असेल ते कीर्तनकारांना विचारा; समोर हजार माणूस आणि टाळकरी झोपलेले! आणि मग वेळ संपत आली असताना, रात्री पावणेअकराच्या सुमाराला, पाखरानं सुरुवात केली. सुमारे दहा लाख लोकांनी ते घरबसल्या ऐकलं असं सांगतात. बाईला हजारो पत्रं आली. पुढं वर्षानुवर्षं मे महिन्यात हा कार्यक्रम होत राहिला.

अलीकडे तिकडं असाही वाद निघाला आहे की पहिल्या रात्री पाखरू नव्हतंच, तोंडानं पक्ष्यांचे आवाज काढणारी एक कलावंत तिथं उभी केली होती. घ्या! माणूस आणि पाखरू दोघांचा आवाज ओळखू येईना इतपत जवळ आला, हेही काही थोडं नाही. पण पुढच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं आहेत आणि त्यात पाखरंच आहेत.

या गोष्टीचा एक तुकडा आम्हाला फार लागला. बाई पुढं ते घर सोडून गेली, तरी बीबीसी दर वर्षी तिथं मायक्रोफोन लावून नुसत्या पाखरांचं गाणं ऐकवायची. मे 1942. महायुद्ध चालू. नेहमीप्रमाणे मायक्रोफोन लावला, पाखरं गायला लागली, आणि वरून घरघर ऐकू यायला लागली. जवळजवळ 200 बॉम्बफेकी विमानं जर्मनीतल्या मानहाइम शहरावर निघाली होती. तिथल्या माणसाच्या लक्षात आलं की हा आवाज रेडिओवर गेला तर शत्रूला सुगावा लागेल. त्यानं प्रक्षेपण तोडलं. पण ध्वनिमुद्रण चालू राहिलं, ते आजही ऐकता येतं. खाली पाखरू गातंय, वरून विमानं जाताहेत. पाखरू थांबत नाही. आम्ही ते ऐकलं तेव्हा विमानांचा आवाज वाढत गेला तशी आमचीच छाती दडपली. आणि मनात आलं, आपल्या दिंडीतून आवाज येतो तो वरचा की खालचा?

हे बोलणं जरा कडक झालं. असू द्या.

आता याच्यातलं खरं मर्म. शास्त्रज्ञांनी नाइटिंगेलचा पुष्कळ अभ्यास केला आहे. दोन नर शेजारी शेजारी गात असतात तेव्हा एक गातो, थांबतो. दुसरा गातो, थांबतो. पण एकाचं गाणं चालू असताना दुसऱ्यानं मध्येच सुरू केलं, त्याच्या गाण्यावर गाणं घातलं, तर तो भांडणाचा इशारा असतो. आपल्या घरातही तसंच आहे; सासू बोलत असताना सून मध्ये बोलली की काय होतं! पाखराबरोबर वाजवणाऱ्याला म्हणून आधी थांबायला शिकावं लागतं. नाइटिंगेलच्या गाण्यात लांब शिट्ट्या असतात. 2023 साली जर्मनीतल्या अभ्यासकांनी त्याला वेगवेगळ्या पट्टीच्या शिट्ट्या ऐकवल्या, तर त्यानं आपली पट्टी बदलून त्यांच्याशी जुळवली. म्हणजे त्यालाही कान आहे. तो ऐकतो.

इथं तरुण मुलांना एक सांगायचं आहे. मोबाईलवर पाखराचा आवाज लावून पाखरू जवळ बोलवायचं आणि फोटो काढायचा, हे आमच्या गावातही चालू झालं आहे. ते पाखरू गाण्याच्या ओढीनं येत नाही. आपल्या घरात चोर शिरला म्हणून ते धावत येतं, आणि विणीच्या दिवसांत घरटं सोडून येतं. ते करू नका.

आपल्या चालीत थांबण्याची शिस्त आहेच की. दोन रांगा समोरासमोर. एकानं चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं, तोवर म्हणणाऱ्यानं दम घ्यायचा. मृदंग एक, टाळ चाळीस, पण मृदंगाचं बोट ऐकू आलं पाहिजे म्हणून टाळ दाबून धरायचा. जुनी माणसं हे हातावर मारून शिकवत. स्पीकर आला आणि दम घ्यायची जागाच गेली, कारण यंत्राला दम लागत नाही.

कॅनडात मरे शेफर नावाचा एक संगीतकार होता, 2021 साली वारला. त्यानं जन्मभर एकच ओरड केली की माणसानं जगाचा आवाज बिघडवला आहे, आधी कान साफ करा. त्यानं 1979 साली एक रचना केली: रानातलं एक तळं, त्याच्या काठानं बारा ट्रॉम्बोनवाले. बँडमध्ये पुढं-मागं सरकणाऱ्या नळीचं पितळी वाद्य असतं ते. आणि वाजवायची वेळ कोणती? पहाट आणि सांज. स्वतः शेफर तळ्याच्या मधोमध तराफ्यावर, हातात रंगीत निशाणं, चोपदारासारखा. वाजवून थांबायचं, आवाज पाण्यावरून, झाडांवरून फिरून येईपर्यंत. मध्ये पाखरं बोलतात ती रचनेतच धरलेली. 1981 साली त्यानं तळ्यावर एक संगीतनाटकच केलं, ते उजाडण्याआधी अंधारात सुरू होतं, होड्यांतून पात्रं येतात, आणि लोक काळोखात काठावर येऊन बसतात. आम्ही हे ऐकलं आणि म्हणालो, अरे, हा तर काकडा!

पहाटेच का? त्याला कारण आहे. पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते आणि वरची त्या मानानं उबदार. मग आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि लांब जातो. तळ्यावर, नदीवर तर जास्तच. वारा पडलेला असतो. म्हणूनच मुक्कामावरचा काकड्याचा टाळ दोन शेतं पलीकडच्या वस्तीवर ऐकू येतो आणि दुपारी मंडपाबाहेर ऐकू येत नाही. पाखरंही हे जाणतात, म्हणून त्यांचा सगळा गलबला उजाडताना. पहाटेच्या टाळाला स्पीकर लावणं म्हणजे भरल्या विहिरीत टँकर ओतणं. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर लावायचा नाही असा 2000 सालापासून नियमच आहे. आम्ही कितीतरी वर्षं पाचलाच लावत होतो. ते तसं.

अजून एक सांगतो, तुम्हाला आवडेल. अमेरिकेच्या अलास्का भागात बर्फात राहिलेला जॉन ल्यूथर ॲडम्स हा संगीतकार. 2009 साली त्याची एक रचना कॅनडातल्या बॅन्फ गावी पहिल्यांदा झाली. वादक किती? कमीत कमी 9, जास्तीत जास्त 99. आणि सगळे तालवाद्यवाले! ढोल, झांजा, घंटा. सुरुवातीला नुसता श्वासाचा आवाज, शंख. मंच नाही, खुर्च्या नाहीत, छप्पर नाही. सगळे मध्ये एकत्र उभे राहून सुरुवात करतात आणि मग वाजवत वाजवत माळावर पांगतात. ऐकणारेही त्यांच्यातून हिंडतात. ज्याला जे जवळ, त्याला ते ऐकू येतं. तासाभरापेक्षा जास्त चालतं. मध्ये इतका दणका होतो की कानठळ्या बसाव्यात. आणि शेवट? शेवटी ढोल सगळे थांबतात, उरतात ते बारीक सूर, त्यानं पाखरांच्या गाण्यांवरूनच बांधलेले. त्यातलं वादकाचं कोणतं आणि झाडावरच्या पाखराचं कोणतं हे कळत नाही. कार्यक्रम कधी संपला तेही कळत नाही. लोक तसेच उभे राहतात. रचनेचं नाव आहे उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी वाट सापडावी म्हणून रचून ठेवलेल्या दगडांवरून. वाटसरूंचंच गाणं म्हणा.

तिकडं याला प्रायोगिक संगीत म्हणतात. आपल्याकडं कुणी आपल्याला प्रायोगिक म्हणणार नाही. पण उघड्यावर चालत, पावसात, चामड्याला ओल लागली तर कणीक बदलत, धुमा पडला तर पडला, शेकडो माणसांनी अडीचशे किलोमीटर वाजवत जायचं, याच्याएवढा मोठा प्रयोग कुणी केला असेल?

आणि तुम्ही म्हणाल, महाराज, हे परदेशचं पुराण आम्हाला कशाला. तर मुळापाशी जाऊ. देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या काळात, माउलींच्या आधी काही दशकं, शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वर कुणाचे सांगितलेत? षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. म्हणजे गवयानं सूर घरी नाही केला, रानातून आणला. त्याच ग्रंथात 120 देशी ताल आहेत. आणि हे ताल, माउली, विसाव्या शतकात पॅरिसच्या एका चर्चमध्ये साठ वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या ऑलिव्हिए मेसियाँ या संगीतकारानं उचलले आणि आपल्या रचनांत घातले. तोच मेसियाँ वही घेऊन पहाटे रानात जायचा आणि पाखरांची गाणी लिहून घ्यायचा. 1953 साली त्यानं मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत कोणती पाखरं कोणत्या क्रमानं जागी होतात, तशी एक रचना बांधली. मोठा भाविक माणूस होता. आपल्या देवगिरीचे ताल आणि त्याच्या गावची पाखरं एका वहीत आली.

तुकोबाराय भंडाऱ्यावर का जाऊन बसत? झाडं-वेली-पाखरं यांना सोयरे म्हणणारा अभंग आपण शाळेपासून म्हणतो. माउलींनी कावळ्याला शकुन विचारला. हे सगळं आपण स्पीकरवरून म्हणतो. आणि ज्याला सोयरा म्हटलं तो सोयरा फांदीवरून उडून जातो. यात काही चुकतंय असं आम्हाला इतकी वर्षं वाटलं नाही, ते आजींमुळं वाटलं.

त्याच बर्लिनमध्ये नाइटिंगेलवर आणखी एक अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला. वाहत्या रस्त्याशेजारी राहणारी पाखरं शांत जागच्या पाखरांपेक्षा 14 डेसिबलपर्यंत मोठ्यानं गातात असं निघालं. आणि कामाच्या दिवशी सकाळी गाड्या जास्त असतात तेव्हा जास्त मोठ्यानं, शनिवार-रविवारी हळू. म्हणजे आठवड्यात दोन दिवस त्यांच्या गळ्याला विश्रांती. इंग्लंडात, जिथं त्या बाईनं चेलो वाजवला, तिथं तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत नाइटिंगेल दहात एक उरली आहेत. झाडोरा तुटला, आफ्रिकेतही त्यांची रानं बदलली. गोंगाट हे एकच कारण नाही. पण ऐकायला पाखरू उरलं पाहिजे, हे आधी.

आता आपल्या दिंडीचं. मागच्या वारीला आम्ही एक करून पाहिलं. वाल्ह्याच्या आधीच्या माळावर पहाटे बॅटरी उतरली असं आम्ही सांगितलं. खोटं बोललो; बॅटरी भरलेली होती. पंढरीनाथानं माफ करावं. पहिली पंधरा मिनिटं गोंधळ झाला. मागचे ओरडायला लागले, चाल तुटली, दोन टाळकरी एकमेकांवर चिडले. शेजारची दिंडी आमच्यावरून गाऊन गेली. मग आमचे वृद्ध वीणेकरी बाबा काही न बोलता पुढून उठून मध्ये आले. रांगा आपोआप जवळ झाल्या. चाल संथ झाली. मृदंगाच्या पोरानं हात हलका केला, कारण त्याला पहिल्यांदाच बाबांचा आवाज ऐकायची गरज पडली होती. एक अभंग संपला आणि दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात माळावरून चंडोल वर गेला. गात गात, दिसेनासा होईपर्यंत. कुणी काही बोललं नाही. बाबांनीही पुढचा अभंग लगेच धरला नाही. तो खाली उतरेपर्यंत ते वीणा नुसती छेडत चालत राहिले. किती वेळ? दोन-तीन मिनिटं असेल.

आम्ही मागं वळून आजींकडं पाहिलं. त्यांनी टाळ छातीशी धरला होता आणि मान वर केली होती.

संध्याकाळी समाज आरतीला तुम्ही सगळे असता. चोपदारांनी दंड वर केला की लाखभर माणसांचा टाळ एका क्षणात बंद. कुणाची तक्रार असेल त्या दिंडीचाच टाळ वाजत राहतो, म्हणजे सगळ्यांना कळतं. ही व्यवस्था कशावर उभी आहे? शांततेवर. शांतता नसेल तर तक्रार तरी कशी ऐकू येणार? ती आपल्याच संप्रदायाची कमाई आहे, आपण ती दिवसातून एकदाच खर्च करतो.

शताब्दीनिमित्त एका दात्यानं नवी ध्वनियंत्रणा द्यायचं कबूल केलं आहे. चार भोंग्यांची, गाडीसकट. दाता सज्जन आहे, त्याचं मन मोडायचं नाही. वैशाखातल्या बैठकीत त्यावर ठरायचं आहे. आमच्या विरुद्धही मुद्दे आहेत, ते खरे आहेत: दिंडी आता पाचशेच्या वर आहे, मागच्यांना ऐकू येत नाही, मुक्कामावर हरवलेल्या माणसाची सूचना द्यायला स्पीकर लागतो, बाकीच्या दिंड्या बंद करणार नाहीत, मग आपण दबून जाऊ. रात्रीच्या कीर्तनाला तो असू द्या, सूचनेला असू द्या. आमची विनंती एवढीच की मुक्काम सोडल्यापासून पहिल्या विसाव्यापर्यंत तो बंद ठेवावा, आणि दिंडीच्या तीन तुकड्या करून प्रत्येकीला वीणा आणि मृदंग द्यावा. दात्याला विचारू, चार भोंग्यांऐवजी दोन वीणा आणि दोन पखवाज देतो का. त्यानं नाही म्हटलं तर वर्गणी काढू; स्पीकरला काढली होती तशीच, आणि पहिली आम्ही देऊ.

मृदंगाची पोरं तयार करायला दोन वर्षं लागतील. तोवर यंदा निदान वाल्ह्याचा माळ. मागच्या मंडळींनी चाल ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं नाही, जवळ यायचं. आणि आजींच्या पुढं जी बाई चालते तिनं त्या वेळी गप्पा मारू नयेत, हे तिला आमच्याकडून निक्षून सांगा.

वेळ झाला. चहा आला वाटतं. रामकृष्ण हरी.